परदेशची भेटवस्तु

परदेशीं मुलाकडे निघालेल्या आईबापांच्या पेटींत काय भरावें, याची चर्चा आतां घरोघर होते. मुलासाठीं लोणचें, नातवंडांसाठीं कपडे, हें ठरलेलें असतें. अडतें तें तेथील शेजाऱ्यांपाशीं. ज्यांची भाषा आपणांस अर्धीमुर्धी येते, ज्यांच्या चालीरीती ठाऊक नाहींत, त्यांच्या हातीं काय ठेवावें? प्रश्न किरकोळ दिसतो. पण परक्या मुलखांत आपण सहा महिने खिडकींत बसून काढणार, कीं माणसांत राहणार, हें पुष्कळ अंशीं त्यावरच ठरतें.

अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं चिरंजीवांकडे जातांना आमच्यापुढेंही हाच पेच होता. आमचें दिंद्रुड बीड जिल्ह्यांतलें. या जिल्ह्याचें वैभव म्हणजे सीताफळ; त्याला भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. पण ताजीं फळें तिकडचे जकात-अधिकारी सहसा आंत येऊं देत नाहींत, आणि खाण्याचा जिन्नस असल्यास तो आधीं सांगावा लागतो. कोणी पैठणी सुचविली. ती आम्हांस पटली नाहीं. आपल्याकडे लग्नांत आहेराची यादी लिहून ठेवतात, ती ज्याचें त्याला पुढें तितकेंच परत करतां यावें म्हणून. ज्याच्या घरीं अशी यादी नाहीं, त्याला भारी वस्तु देणें म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझें ठेवणें होय. शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनीं जुन्या सुती लुगड्यांच्या, हातानें शिवलेल्या दोन लहान गोधड्या पेटींत घातल्या. जुनें वस्त्र भेट द्यावें काय, अशी शंका घरांत निघाली. पण घरच्या बायकांनीं नेसलेल्या त्या लुगड्यांची ऊबच तर द्यावयाची होती.

शेजारच्या वृद्ध बाईंनीं गोधडी हातीं घेतली, उलटी केली, आणि टांके निरखूं लागल्या. कापडाचे तुकडे जोडून रजई शिवण्याची चाल त्यांच्याही देशीं जुनी. त्यांच्या आजीबाई ती शिवीत असत. मग भाषेवांचून कांहींच अडलें नाहीं. टांका कसा घालावा, हें त्या दोघी एकमेकींस बोटांनीं दाखवीत बसल्या. तिसऱ्या दिवशीं त्या बाई घरीं भाजलेला पाव ताटांत घेऊन दारीं उभ्या राहिल्या.

खरी कसोटी येथें होती. आमच्या पिढीचा संस्कार असा, कीं द्यावें सर्वांस, पण घ्यावें पारखून. अन्न तर विशेषच पारखून. यांत अंडें आहे काय, एवढें आम्हीं नम्रपणें विचारलें. नाहीं असें कळतांच त्यांच्यासमोरच घास घेतला. तो पाव नाकारला असता, तर आमची गोधडी ही भेट न राहतां दान झाली असती. संस्कृत सुभाषितांत प्रीतीचीं सहा लक्षणें सांगितलीं आहेत; त्यांत देण्याच्या जोडीला घेणें आहे, आणि जेवूं घालण्याच्या जोडीला जेवणें. आपण बहुधा त्यांतील अर्धेंच आचरतों. वास्तविक शेजारची वाटी रिकामी परत करूं नये, ही रीत आपल्याच घरची आहे. त्या रीतीनें पावाचें ताट तिळाच्या वड्या घालून परत गेलें.

याच न्यू जर्सींतील रोझेल गांवीं १८८३ सालीं आनंदीबाई जोशी उतरल्या होत्या. थिओडोसिया कार्पेंटर या बाईंशीं त्यांचा तोंवरचा परिचय केवळ पत्रांचा. आनंदीबाईंनीं आपला धर्म व शाकाहार सोडला नाहीं. पण त्या घरची माया मनापासून स्वीकारली, आणि कार्पेंटरबाईंस मावशी म्हटलें. १८८६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास निवर्तल्या. पुढें त्यांची रक्षा या मावशींकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क प्रांतांत पोकिप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती ठेविली गेली. आपलें सर्व राखूनही परक्याचें घेतां येतें, याला याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

तेव्हां निघणाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच: हलकी, घरची, आणि जिची हकीकत सांगतां येईल अशी वस्तु न्यावी, आणि परततांना तिकडचें कांहीं आणण्यासाठीं पेटींत थोडी जागा मोकळी ठेवावी.