सोमवारी कोण?

कर्जत म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पाऊस, धबधबा, कुणाच्या तरी काकांचं फार्महाऊस आणि स्टेशनवरचा दिवाडकरांचा गरमागरम वडा! शुक्रवारी दुपारी ऑफिसात ‘कोण कोण येतंय?’ असा मेल फिरतो, शनिवारी सकाळी आठ-दहा जणांचं टोळकं निघतं आणि रविवारी रात्री चिखलाचे बूट, ओले टॉवेल आणि दोनशे फोटो घेऊन घरी. मीही याच वारीतली. पण गेल्या ऑक्टोबरात मी कर्जतच्या गाडीत बसले ती चक्क एक मुलगी बघायला.

नाव नाचणी. वय साधारण दहा महिने. रंग नावाप्रमाणे, नाचणीच्या भाकरीचा. एक कान ताठ, दुसरा अर्ध्यात मोडलेला. मुक्काम पोस्ट : खालापूर तालुक्यातलं कुत्र्यांचं एक छोटंसं शेल्टर. तिचा फोटो माझ्या रूममेटने दाखवला आणि मी दोन दिवस मीटिंगमध्ये लक्ष नसलेली बाई झाले. ‘आणायचीच!’ असं ठरवून टाकलं. पट्टासुद्धा विकत घेतला. लाल.

कर्जतच्या पुढे

मुंबईहून कर्जत म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. लोकलने दोन तासांच्या आसपास. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे जरा टेकतात, कारण पुढे बोरघाट. तो चढायला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. हा घाट 1863 मध्ये रेल्वेला खुला झाला. गाडी थांबते, प्रवासी उतरतात आणि वडे खपतात. आपण वीकेण्डवाले इथेच उतरून रिक्षा पकडतो.

मी मात्र खोपोली लोकलमध्ये बसले. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली. एवढी चिमुकली लाइन! डब्यात माझ्यासमोर भाजीच्या दोन पाट्या आणि खोपोलीच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला निघालेला एक मुलगा. बाहेर भात पिवळं पडायला लागलं होतं आणि त्यामागे सह्याद्रीची भिंत. याच भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्यावर टाटांनी 1915 मध्ये खोपोलीला वीज तयार केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. म्हणजे आपण मुंबईकर या पट्ट्यातून काही ना काही न्यायला येतोय, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आपण इथे सोडून काय जातो, ते मला त्या दिवशी दुपारी कळणार होतं.

डोळवलीला उतरले. पुढे वीस मिनिटं पायी. शेल्टर दिसायच्या आधी ऐकू आलं!

पाण्याच्या टाकीमागे

तारेचं कुंपण, पत्र्याच्या शेड, फिनेलचा वास आणि चुलीवर रटरटणारं मोठं पातेलं. त्यात तांदूळ, हळद आणि कोंबडीचे पाय. पातेल्याशी उभ्या असलेल्या मावशी जवळच्याच वाडीतल्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, हातातल्या लाल पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “नाचणीला आलात ना? ती नाय यायची लगेच. बसा.”

दहा-बारा कुत्री माझ्या अंगावर उड्या मारत होती. नाचणी पाण्याच्या टाकीमागे. फक्त मोडलेला कान दिसत होता. मी ‘ये, ये’ करून हाका मारल्या, बिस्कीट दाखवलं, पुढे जाऊन डोक्यावर हात फिरवायला गेले, तर ती आणखी आत सरकली. “डोळ्यात बघू नका. वरून हात नेऊ नका. तिच्याकडं कूस करून बसा आन् गप राहा,” मावशी म्हणाल्या. ऑफिसात गप बसायची सवय आहे, इथे फार जड गेलं. पस्तीस मिनिटांनी माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक! मी हललेही नाही. मग तिने पट्टा हुंगला आणि पुन्हा टाकीमागे पळाली.

मावशींनी तिची गोष्ट सांगितली. जून महिन्यात हायवेच्या पुलाखाली सापडली, गळ्यात सुतळी बांधलेली. म्हणजे कुणीतरी पाळलेली. “पावसाच्या आधी पिल्लू आणायचं, राखणीला. पोरं दोन दिवस खेळतात. मंग बंगला बंद. गडी गावाला गेला की पिल्लू रस्त्यावर.” सगळेच फार्महाऊसवाले असे नसतात, हेही त्या म्हणाल्या. पण दर पावसाळ्यात अशी दोन-चार तरी पिल्लं त्यांच्याकडे येतातच.

ऑगस्टमध्ये एका जोडप्याने नाचणीला नेलं होतं. नवव्या दिवशी परत! दोघं नोकरीला, ही दहा-दहा तास बंद घरात एकटी. भुंकत राहायची. सोसायटीत तक्रारी झाल्या. परत आल्यापासून ती टाकीमागे बसायला लागली.

पांजरपोळ की स्टेशन?

मुक्या जनावरांना आसरा देणं ही काही आपल्याकडची नवी फॅशन नाही. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत ब्रिटिशांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा फोर्टमध्ये पारशी मंडळींनी दंगल केली होती. पुढे दोनच वर्षांत, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. पण पांजरपोळात आलेलं जनावर सहसा तिथेच राहायचं. शेल्टरमधलं कुत्रं तिथून पुढे घरी जावं, अशी अपेक्षा असते. कर्जत स्टेशनसारखं. थांबायचं ते पुढे जाण्यासाठी.

“मग हिला पुन्हा बाहेर का नाही सोडत?” मी विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्याला उचललं तिथेच परत सोडायचं, असं 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. कारण तो त्याचा इलाका असतो. नाचणीला इलाकाच नाही. पुलाखाली तिला कुणीतरी टाकलेलं. सोडली तर एक्स्प्रेसवेवर किती दिवस टिकणार?

शिवाय शेल्टरमधल्या जागा मोजक्या. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना शेल्टरमध्ये हलवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 22 ऑगस्टला तो बदलून, रेबीज झालेली आणि हिंस्र कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला सांगितलं गेलं. दत्तक घेण्याची वाटही त्यात होती, पण एका अटीवर : घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. ही अट वाचताना मला नाचणीचे ते नऊ दिवस आठवले.

माझा इंटरव्ह्यू

मग फॉर्म. घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाची लेखी परवानगी? रूममेटचं लग्न ठरलं तर? तुमची बदली झाली तर? कुत्रं दिवसाचे किती तास एकटं राहणार? मी भराभर उत्तरं लिहीत होते. मावशी पातेलं ढवळता ढवळता एवढंच म्हणाल्या, “शनवार-रविवार सगळ्यांकडंच असतो ओ ताई. सोमवारी कोण?”

सोमवारी मी सकाळी आठला घर सोडते आणि रात्री साडेआठला परत येते. रूममेटचंही तेच. डॉक्टर म्हणाले, नवीन घरात पहिले तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने ‘हे माझंच घर’ वाटण्याचे, असा ढोबळ हिशेब धरा. घाबरट कुत्र्याला याहूनही वेळ लागतो. माझ्या रजा शिल्लक होत्या सहा.

मी फॉर्म परत केला. कोरा नाही, सगळा भरून. फक्त खाली सही केली नाही. लाल पट्टा मावशींकडे दिला. परतीच्या लोकलमध्ये कर्जतला वडा घेतला नाही, यावरून काय ते समजा.

पुढे काय?

आता मी दर दुसऱ्या शनिवारी जाते. नाचणीला त्याच लाल पट्ट्यात बांधून स्टेशनपर्यंत चालवते. रिक्षाचा आवाज, अनोळखी माणसं, जिना, सगळ्याची सवय. फाटकावर गाडी धडधडत गेली तरी आता ती फक्त माझ्या पायाला चिकटते, पळत नाही. तिची नसबंदी झालीय, लसी पूर्ण आहेत. मुलांशी छान खेळते. मांजरांबद्दल मात्र खात्री देत नाही!

तिला हवंय असं घर, जिथे दुपारी कुणीतरी असतं. रिटायर्ड आई-बाबा, घरून काम करणारा दादा, शाळेतून दीडला येणारी पोरं. आहे तुमच्याकडे?

परवा निघताना मी फाटकापाशी वळून पाहिलं. ती टाकीमागे गेली नव्हती. तारेजवळ बसून रस्त्याकडे बघत होती.

शेल्टरला जाणार असाल तर...

• आधी फोन करून वेळ घ्या. जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा टाळा.
• पहिल्याच भेटीत कुत्रं घरी आणू नका. दोन-तीनदा भेटा, घरातल्या सगळ्यांना न्या.
• रेबीजची लस, नसबंदी आणि आजारांची नोंद लेखी मागा. दरवर्षीचा बूस्टर डायरीत लिहून ठेवा. महापालिकेचा परवाना काढा.
• सोसायटी ‘कुत्रं चालणार नाही’ म्हणाली, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं फेब्रुवारी 2015 चं परिपत्रक दाखवा. बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय. मात्र स्वच्छता आणि शेजाऱ्यांची शांतता ही जबाबदारी आपली.
• दत्तक घेणं जमणार नसेल, तर जुन्या चादरी, तांदूळ आणि एक शनिवार द्या. चादरी खरंच लागतात.