हेमलकशाच्या वाटेवर

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असं करत आलापल्ली गाठायची आणि तिथून साधारण ६० किलोमीटर जंगलातून गेलं की हेमलकसा येतं. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. आलापल्लीपर्यंत बाजार, चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं भेटत राहतात. पुढे मात्र दोन्ही बाजूंना साग, मोह, ऐन आणि मधूनच एखादी माडिया वस्ती. मोबाईलची रेंज येते-जाते.

या जंगलात बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहायला गेले. राहायला झोपडी होती आणि वीज कित्येक वर्षं आली नाही. पावसाळ्यात नदीनाल्यांनी वाट बंद व्हायची. लांबच्या पाड्यांवरून माणसं आजाऱ्याला खाटेवर घालून खांद्यावरून आणत. आज तिथे दवाखाना आहे, आश्रमशाळा आहे आणि जंगलातल्या पोरक्या प्राण्यांचं अनाथालय आहे. २००८ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुलांना ते प्राणी बघायचे होते आणि अम्मीला तो दवाखाना. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. गाडी भाईजान चालवत होते. शेजारी मामू, मागे अम्मी, मी आणि दोन मुलं. मामूंची उमर ट्रकवर गेलेली, आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर.

आलापल्ली सोडल्यावर रस्ता खराब लागला आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली. थोड्याच वेळात तापमानाचा काटा वर सरकू लागला. चांगला पट्टा आला, वेग वाढला की तो खाली यायचा. पुन्हा खड्डे लागले की वर. मामू दोन-तीन वेळा हे बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी कमी असतं तर जोरात पळवताना काटा असा खाली आला नसता. पंखा बघायला हवा."

कारण सोपं आहे. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. गाडी हळू चालली किंवा उभी राहिली की ते काम विजेच्या पंख्याला करावं लागतं. पंखा बंद असेल तर हमरस्त्यावर काहीच जाणवत नाही आणि गर्दीत किंवा खराब रस्त्यावर इंजिन तापतं.

काटा लाल पट्ट्याला टेकायच्या आत भाईजाननी गाडी सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं. मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावला, तर मामूंनी त्याला अडवलं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडायचंच नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंड-हात भाजतात. शिवाय दुपारचे दोन वाजले होते आणि आमच्याकडे चारच बाटल्या होत्या. मामूंनी सांगितलं, "हे पाणी अम्मी आणि मुलांसाठी. गाडीला नाही."

पाऊण तासाने बॉनेट उघडून तपासणी सुरू झाली. गाडीखालची जमीन कोरडी होती आणि कूलंटच्या डब्यातली पातळी दोन खुणांच्या मध्ये होती. म्हणजे गळती नाही. मग इंजिन सुरू करून एसी लावला. आमच्या गाडीत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. पंखा ढिम्म. पंख्याचा फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत. त्याच्या शेजारी रिले असतो, पंख्याला वीज पोचवणारी छोटी चौकोनी डबी. हॉर्नचा रिले अगदी तसाच होता, तेवढ्याच पिनांचा आणि तोच नंबर छापलेला. इंजिन बंद करून मामूंनी तो काढला आणि पंख्याच्या जागी बसवला. पुन्हा एसी लावला आणि पंखा घुंईंकन फिरला. अम्मीच्या तोंडून "अल्हम्दुलिल्लाह" निघालं.

तरीही पंखा फिरला नसता तर? मामूंनी तेही सांगितलं. बॅटरीवरून पंख्याला थेट तार देऊन बघायची. फिरला तर मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटरच गेली. तेव्हा एसी बंद करायचा, हीटर पूर्ण सोडायचा म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, आणि काट्यावर नजर ठेवून थांबत थांबत जवळचं गाव गाठायचं. काटा लाल पट्ट्यात असताना गाडी रेटली तर इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट फुटतं आणि काही रुपयांचं काम हजारोंवर जातं. पंखा हाताने फिरवून बघायचा असेल तर आधी बॅटरीची तार सोडवावी, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो.

उरलेला रस्ता आम्ही बिनहॉर्नचा केला. वाटेत गुरं आडवी आली की भाईजान थांबून राहायचे आणि मुलं खिडकीतून हाका मारायची.

हेमलकशाला पोचल्यावर अम्मी दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या बायकांकडे बराच वेळ बघत होती. खाटेवर आजारी माणूस घेऊन याच जंगलातून लोक चालत आले, हे ऐकलेलं होतं. त्या दुपारनंतर ते कळलं. सुरुवातीच्या काळात इथे एक्स-रे नव्हता की दिवे नव्हते. डॉक्टरांना आधी नीट बघावं, विचारावं आणि हात लावून तपासावं लागे, मगच औषध.

आपल्यापैकी कुणी जाणार असेल तर आलापल्लीला चहासाठी थांबाल तेव्हा गाडी पाच मिनिटं एसी लावून उभी ठेवा. पंखा फिरतो का आणि काटा जागेवर राहतो का, ते बघा. फ्यूज आणि एक जादा रिले डिकीत असू द्या, प्यायचं पाणी वेगळं ठेवा. आणि पावसाळ्याआधी जाऊन या. हेमलकशाजवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भेटतात. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन पलीकडच्या गावांची वाट बंद होत आली आहे.