आठशे बाइट

हेपटायटिस बीच्या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर साधारण ३,२०० अक्षरांचा आहे. डीएनएची अक्षरं चारच, ए, सी, जी आणि टी. म्हणजे एका अक्षराला दोन बिट पुरतात. हिशोब केला तर होतात ८०० बाइट. मी ऑफिसात ज्या सिस्टिमवर काम करतो, तिची लॉगमधली एक एररसुद्धा याहून मोठी असते. युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे हा परिच्छेदही त्या विषाणूपेक्षा कधीच मोठा होऊन गेलाय. या ८०० बाइटनी आमच्या घरातलं एक माणूस बहुधा नेलं आणि दुसऱ्याला पंधरा वर्षांहून जास्त काळ कामाला लावलंय.

दुसरं माणूस म्हणजे माझे मामा. उदगीरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. तूर, सोयाबीन, हरभरा, आणि दिवसभर वह्या. २००८ साली गणपतीत गल्लीच्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. तिथे रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. मामांना काहीच होत नव्हतं. ना ताप, ना डोळे पिवळे. आमच्याकडे कावीळ म्हणजे माळ. गळ्यात घालायची, ती लांबत गेली की कावीळ उतरली. दूषित पाण्यातून येणारी हेपटायटिस एची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, त्यामुळे माळेचं नाव टिकून आहे. पण ज्याला कावीळच झालेली नाही, त्याने माळ कशासाठी घालायची?

मग सगळ्यांना आजी आठवली. मी लहान असतानाच ती गेली. पोटात पाणी झालं होतं, हातापायाच्या काड्या आणि पोट घागरीएवढं. तिची तपासणी कधी झालीच नाही, म्हणून मी ‘बहुधा’ म्हणतो. पण मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. जन्मताना आईकडून लागला तर नव्वद टक्के मुलांत तो कायमचा राहतो. मामांच्या पाठोपाठ आईचंही रक्त तपासलं. तिला संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा होत्या, विषाणू नव्हता. एकाच घरातली दोन भावंडं. मामेबहिणीला आणि मामीला तेव्हाच लशीचे तीन-तीन डोस दिले. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस भारतात बनवली आणि ती स्वस्त झाली. देशभरच्या बाळांना ती सरकारी लसीकरणात मिळायला मात्र २०११ उजाडलं.

मामांना गावातल्या डॉक्टरांनी लॅमिव्ह्युडिन लिहून दिलं. रोज एक गोळी, १०० मिलिग्रॅम. हे औषध मुळात एचआयव्हीसाठी आलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत हेपटायटिस बीसाठी मंजूर झालं. काम सोपं आहे. विषाणूचं एक नक्कलयंत्र असतं, ते अक्षराला अक्षर जोडत साखळी वाढवतं. हे औषध म्हणजे खोटं अक्षर. ते साखळीत बसलं की पुढचं अक्षर जोडताच येत नाही. पहिली दोन वर्षं मामांचे रिपोर्ट चांगले आले. २०१२ मध्ये यकृताची एन्झाइम एकदम चारशेच्या वर गेली.

डॉक्टर म्हणाले, “गोळ्या चुकवल्या असतील.”

हे वाक्य मामांच्या मागे बरीच वर्षं राहिलं. गोळ्या चुकवल्या, याचं पुढे घरात झालं ‘पथ्य पाळत नाहीत’ आणि मोंढ्यात झालं ‘पीत असतील’. यकृत बिघडलं म्हणजे दारू, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की माणसाने थेंबाला हात लावला नसला तरी त्याला सफाई द्यावी लागते. मामा एवढंच म्हणायचे, “मी एक बी गोळी चुकवली न्हाई.” मामीकडे पुरावा होता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीची खूण, सलग चार वर्षांची. दळणाचा आणि दुधाचा हिशोबही तिथेच. मामीची पद्धत अशी की गोळी डोळ्यांदेखत गिळल्याशिवाय खूण नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा या विषयातलं वाचायला घेतलं, ते मामांची बाजू घ्यायची म्हणूनच. आणि उत्तर लगेच मिळालं. लॅमिव्ह्युडिन एकटं दिलं तर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा होतो. गोळ्या वेळेवर घेणाऱ्यांतसुद्धा.

कारण असं. विषाणूच्या नक्कलयंत्राला मुद्रितशोधन येत नाही. चूक झाली तर ती तशीच पुढे जाते. संसर्ग जोरात असताना शरीरात रोज शंभर अब्जांच्या वर नवे विषाणू तयार होतात. ३,२०० अक्षरं आणि इतक्या नकला म्हटल्यावर, होऊ शकणारा प्रत्येक एकअक्षरी बदल रोज कुठे ना कुठे होऊन जातो. म्हणजे औषधाला न जुमानणारा विषाणू औषध सुरू होण्याआधीच तिथे असतो, फक्त गर्दीत हरवलेला. औषधाने बाकीच्यांना दाबलं की त्याला मोकळं रान मिळतं.

तो बदल नेमका कुठला, हेही माहीत आहे. नक्कलयंत्रातल्या २०४व्या जागी एटीजी ही तीन अक्षरं असतात. तिथे जीटीजी झालं की यंत्राच्या तोंडाचा आकार किंचित बदलतो, आणि लॅमिव्ह्युडिन तिथे नीट बसत नाही. ए च्या जागी जी. एवढंच.

आता जो भाग वाचून मी खुर्चीतून उठलो होतो, तो. ३,२०० अक्षरांत भागवायचं म्हणून या विषाणूने जनुकं एकमेकांवर चढवून ठेवली आहेत. तीच अक्षरं एका जागेपासून तीन-तीन करत वाचली तर नक्कलयंत्र मिळतं, एक अक्षर सरकून वाचली तर विषाणूचं बाहेरचं आवरण मिळतं. मराठीत असं काही जमतं का म्हणून मी बराच वेळ घालवला. शेवटी हे सापडलं: मीनाकातघालते. ‘मी नाकात घालते’ म्हटलं तर नथ. ‘मीना कात घालते’ म्हटलं तर विडा. आता विड्यात कातेऐवजी चुना घालायचा म्हणून ‘मीना चुना घालते’ असा बदल करा, पहिल्या वाक्याचं ‘मी नाचुना घालते’ होतं. दोन वाक्यं एकाच अक्षरांवर उभी असतील, तर एकाला हात लावून दुसरं शाबूत ठेवता येत नाही.

मामांच्या विषाणूत बहुधा हेच झालं असणार. टीएटी, एटीजी, जीएटी हे नक्कलयंत्राचं वाचन. एक अक्षर सरकून वाचलं की मधे एटीए आणि टीजीजी मिळतात, ते आवरणाचं वाचन. एटीजीचं जीटीजी झालं की आवरणातल्या एटीएचंही एटीजी होतं, आणि तिथला आयसोल्यूसिन जाऊन मेथिओनिन येतं. म्हणजे औषध चुकवण्यासाठी केलेला बदल विषाणूचा बाहेरचा चेहराही थोडा बदलतो. आणि शरीर त्याला ओळखतं ते या चेहऱ्यावरूनच, लसही या चेहऱ्याचीच असते. लस यामुळे निकामी होत नाही, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर मामेबहिणीचा फोन येईल. पण आमच्या क्षेत्रात इतकं गुंतलेलं कोड कोणी लिहिलं तर त्याला रिव्ह्यूत फाडून खातात. हे कोड मात्र हजारो वर्षं चालतंय.

२०१२ मध्येच मामांना हैदराबादला नेलं. उदगीरहून लातूरच्या पुढचं काही दाखवायचं असलं की पुण्या-मुंबईआधी हैदराबादची गाडी आठवते. तिथल्या डॉक्टरांनी जनुकीय तपासणीचा खर्च करू नका म्हणून सांगितलं आणि सरळ टेनोफोव्हिर सुरू केलं. लॅमिव्ह्युडिन हरलं तिथे एन्टेकॅव्हिरही लवकर हरतं, कारण त्याच बदलावर आणखी एक-दोन बदल झाले की विषाणूचं भागतं. टेनोफोव्हिरचं तसं नाही. त्याच्या मूळ चाचण्या आठ वर्षं चालल्या, त्यांत त्याला पुरून उरलेला विषाणू सापडला नव्हता. हे औषध आम्हाला परवडलं, कारण २००९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने गिलिअड कंपनीचे त्यावरचे अर्ज नाकारले होते आणि इथल्या कंपन्या ते बनवत होत्या. २०१८ च्या २८ जुलैला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात ते मोफत मिळतं. २८ जुलै हा बरुच ब्लुमबर्गचा वाढदिवस. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्याला या विषाणूचा पहिला माग लागला, आणि १९७६ मध्ये नोबेल मिळालं.

मामांच्या जुन्या फायलीत आणखी एक ओळ होती: एचबीईएजी निगेटिव्ह. २००८ च्या पहिल्याच रिपोर्टमध्ये. ‘निगेटिव्ह’ वाचून तेव्हा घरात पेढे आणायचंच बाकी होतं. ई अँटिजेन हे विषाणू जोरात वाढत असल्याचं चिन्ह मानतात, ते नाही म्हणजे विषाणू झोपलाय असा साधा हिशोब. पण मजकुरातल्या १८९६व्या अक्षरात जी चा ए झाला की टीजीजीचं टीएजी होतं, आणि टीएजी म्हणजे पूर्णविराम. ई अँटिजेनचं वाक्य तिथेच तुटतं. विषाणू मात्र वाढतच राहतो, पाटी काढून ठेवून दुकान चालू. भारतात ए आणि डी हे दोन प्रकार जास्त दिसतात, त्यातल्या डीमध्ये हा बदल वरचेवर सापडतो. त्या वेळी विषाणूची थेट मोजणी झाली असती तर कळलं असतं.

हाच बदल २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला सापडला. फेब्रुवारीत तिथे हेपटायटिस बीची साथ आली आणि ऐंशीच्या वर माणसं दगावली. हेपटायटिस बीची साथ, आणि एवढे मृत्यू, हे दोन्ही विचित्र. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने तपासले. त्यांना या पूर्णविरामाचे आणि त्याच्या जवळच्या दुसऱ्या एका बदलाचे विषाणू मृत्यूंशी जोडलेले दिसले. आणि दुसरं कारण म्हणजे नीट निर्जंतुक न केलेल्या, पुन्हा वापरलेल्या सिरिंजा. मी ते उदगीरमध्ये बसून वाचलं तेव्हा बदलांपेक्षा सिरिंजांनी जास्त घाबरलो. सुई टोचल्याशिवाय डॉक्टरला पैसे देणं आमच्याकडे अजून अनेकांना जड जातं.

मामांचा आताचा रिपोर्ट म्हणतो, विषाणूचा डीएनए सापडला नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी विषय काढलाच.

“निगेटिव्ह आलंय की आता. मग गोळी कशाला खायलोय मी?”

मी सांगितलं की यकृताच्या पेशींच्या गाभ्यात विषाणूची मूळ प्रत गोल गुंडाळून पडलेली असते. गोळी नकला थांबवते, मूळ प्रतीला हात लावत नाही. जुना, लॅमिव्ह्युडिनला न जुमानणारा मजकूरही तिथेच जपलेला असू शकतो. आपल्या मनाने गोळी सोडली तर नकला पुन्हा सुरू होतात, आणि कधीकधी त्या झटक्यात यकृतच बसतं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे रोजकीर्दीत काही न्हाई, पण खतावणीत बाकी हाय.”

मी चार वर्षं वाचून जे ऑफिसच्या मित्रांना नीट सांगू शकलो नव्हतो, ते त्यांनी एका ओळीत मांडलं. मग मुनिमाचाच पुढचा प्रश्न आला, खतावणीतून नाव कधी निघतं? मी म्हटलं, आवरणाचं अँटिजेनही रक्तातून गेलं तर. या गोळ्यांवर तसं वर्षाला शंभरात एखाद्याचंच होतं.

“शंभरात एक? मोंढ्यातली बुडीत उधारी बी याहून जास्त वसूल होती.”

पुढची तपासणी जूनमध्ये आहे. टेनोफोव्हिर इतकी वर्षं घेतलं की मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून या वेळी क्रिएटिनिनही पाहायचंय. तिकिटं मी काढलीत. मामांना पेरणी सुरू व्हायच्या आत परत यायचंय, तेव्हा दुकानावर बियाण्याची उधारी लिहायची असते.