एक पूर्ण मिनिट

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयाबाहेरची रांग हटेना. ताप, कोरडा खोकला, घसादुखी, अंग मोडून येणं. तक्रार सगळ्यांची एकच. त्यातून दाखल कोणाला करायचं, हा डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न होता.

थर्मामीटर त्याचं उत्तर देत नाही. १०३ ताप असलेला तरुण आठवड्यात कामाला लागतो. उलट सत्तरीतल्या आजोबांना कधी तापच नसतो. नुसती ग्लानी येते, जेवण सुटतं. म्हणून जाणता डॉक्टर रुग्णाला आधी बोलतं करतो. वाक्य मध्येच तुटतंय का, नाकपुड्या फुलताहेत का, ओठ निळसर दिसतात का, ते पाहतो. मग सदरा वर करून श्वास मोजतो. पूर्ण मिनिटभर, पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं नव्हे. मोठ्या माणसाचा श्वास तिशीला टेकला, ऑक्सिमीटरचा आकडा नव्वदीखाली घसरला, की घरी पाठवायचा विचारच नको. हे मोजणं प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या हाडीमाशी खिळायला हवं.

मग येते पूर्वपीठिका. दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, उतारवय, तान्हं मूल ही जोखीम पूर्वीपासून माहीत होतीच. २००९ च्या साथीत लठ्ठपणाही ठळकपणे पुढे आला, आणि गरोदर बायकांना किती जपायला हवं ते नव्याने कळलं. पोटातल्या बाळामुळे आधीच दाटीत असलेल्या फुप्फुसांना न्यूमोनिया झेपत नाही.

झाशी जिल्ह्यात, बेतवाकाठच्या एरचमध्ये अशी गरोदर बाई तापाने फणफणली तर मोठ्या उपचारांसाठी झाशीचं महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज गाठावं लागतं. अशा वेळी गावातल्या डॉक्टरने तपासणीच्या अहवालाची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही जोखमीच्या रुग्णाला ओसेल्टामिविर लगेच सुरू करा, असंच सांगतात. पहिल्या ४८ तासांत या औषधाचा गुण सर्वाधिक येतो. धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, रक्तदाब उतरणं यांपैकी काही दिसलं तर मात्र थेट दाखल करायचं.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना बजावून सांगावी लागते. ताप उतरतो, रुग्ण उठून बसतो आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा हुडहुडी भरते, पिवळा बेडका पडू लागतो. हा बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. त्याला प्रतिजैविकं लागतात, आणि तीही त्याच दिवशी.