शोकेसमधलं प्रवाळ

तुमच्या घरी शोकेस आहे का? आमच्या करोल बागच्या घरात आहे. काचेच्या सरकत्या दारांचं, सासऱ्यांनी हौसेने करून घेतलेलं. त्यात लग्नातल्या चांदीच्या वाट्या, लेकाची दोन मेडल्स, एक शंख आणि एक पांढरा, खरखरीत, बारीक जाळीचा दगड. मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारलं होतं, "हे काय हो, आई?" त्या म्हणाल्या, "प्रवाळ. मालवणच्या समुद्रातलं. ह्यांनी आणलंय." विषय तिथेच संपला. पुढची सोळा वर्षं मी फक्त त्यावरची धूळ पुसली.

सासरे मालवणचे. सरकारी नोकरीसाठी तरुणपणी दिल्लीला आले ते इथलेच झाले. गावचं घर भावकीत गेलं, आणि समुद्र म्हणून उरला तो त्या शोकेसमधल्या खणात. ते गेल्यावर आईंनी गावाचं नाव काढणंच सोडलं होतं. मग एका जानेवारीत, थंडीसाठी शाळा बंद आणि बाहेर धुराने डोळे चुरचुरताहेत अशा दिवसांत, त्या अचानक म्हणाल्या, "मला एकदा किल्ला बघायचाय." आम्ही निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेस पकडली. दुसऱ्या दिवशी कोकणात उतरलो तेव्हा चौघांच्याही अंगात स्वेटर होते आणि स्टेशनवरची माणसं आमच्याकडे बघून हसत होती.

मालवणला सगळे जातात, पण आपण एका अभयारण्यात उभे आहोत हे किती जणांना ठाऊक असतं? मलाही नव्हतं. अभयारण्य म्हटलं की आपल्याला वाघ आणि जीप आठवते. इथलं अभयारण्य पाण्याखाली आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्याचा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्यात बुडालेले खडक. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या खडकावर किल्ला बांधायला घेतला, त्याच खडकांच्या आधाराने आज प्रवाळ वाढतं.

आम्ही उतरलो त्या घरच्या काकांना मात्र हे नाव फारसं आवडत नव्हतं. "कागदावर रेघा मारल्या, आम्हाला कोणी विचारलं?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वडिलांचं आयुष्य रापण ओढण्यात गेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून लावायचं लांबलचक जाळं. दोन्ही टोकांना माणसं उभी राहून ते ओढतात आणि आलेली मासळी वाटून घेतात. पहाटे आम्हीही दोरीला हात लावला. दहा मिनिटांत माझे तळवे सोलवटले. काकांचा राग मला पटला. पाहुण्यांच्या होड्या दिवसभर खडकांवर नांगर टाकणार आणि नियम तेवढा मासे धरणाऱ्याला, हे कोणालाही टोचेल.

आईंना किल्ल्यात सोडलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी चाखल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या विहिरी, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं, पण लग्नानंतर त्यांचा संसार दिल्लीत सुरू झाला आणि किल्ला राहूनच गेला. नवरा त्यांच्याबरोबर थांबला. मी आणि लेक स्नॉर्कलिंगला गेलो.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका. मलाही येत नाही. लाइफ जॅकेट घालतात, तोंडात नळी आणि डोळ्यांवर मास्क देतात, आणि बरोबरचा माणूस हात धरून नेतो. फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जा, तेव्हा पाणी नितळ असतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आणि सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरू नका. त्यातली काही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात, म्हणून हवाई बेटांवर २०२१पासून तशा सनस्क्रीनच्या विक्रीला बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो.

मी पाण्यात डोकं घातलं आणि आधी मला काहीच ओळखू येईना. मी पांढरं काहीतरी शोधत होते, शोकेसमधल्यासारखं. खाली होते तपकिरी, पिवळट, हिरवट गोटे, आणि त्यांच्यावरून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. लेक उत्साहाने एका गोट्यावर उभा राहायला गेला, तसा होडीतला मामा ओरडला, "थंय पाय ठेव नको हां, झिला! जिता असा ता!"

नंतर होडीत त्याने सांगितलं. तो गोटा म्हणजे हजारो चिमुकल्या जीवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग त्याचा. अन्नही बरंचसं तेच पुरवतं. पाणी फार तापलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते परत आलं नाही तर उपासमारीने मरतं. उरतो तो चुन्याचा सांगाडा. म्हणजे सोळा वर्षं मी सांगाड्यावरची धूळ पुसत होते.

शेजारच्या होडीतून कोणीतरी ब्रेडचे तुकडे टाकत होतं, फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून. कृपा करून हे करू नका. खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे ब्रेडला सोकावले, तर ते शेवाळ प्रवाळावर माजतं.

उरलेले दिवस मजेत गेले. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे होडीतून फिरलो. ओहोटीची वेळ विचारून रॉक गार्डनला गेलो. तिथे पाणी ओसरलं की खडकांतल्या डबक्यांत खेकडे आणि समुद्रफुलं बसल्या जागी दिसतात. आईंना होडीत बसवत नव्हतं, पण त्या डबक्यांपाशी त्या दोन तास बसल्या होत्या.

निघण्याच्या आदल्या रात्री नवरा बॅगांतली वाळू झटकत होता. लेकाच्या मोज्यातून टक्कन काहीतरी फरशीवर पडलं. मुठीएवढं प्रवाळ, पांढरं.

मी चिडले. भारतात खडक बांधणारं प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. किनाऱ्याला वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून न्यायचा नसतो. हे सगळं मी त्याला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "मग आजोबांनी आणलं ते?"

आम्ही दोघंही गप्प. तेव्हा कायदा नव्हता, असं नवरा शेवटी म्हणाला. "पण प्रवाळ तेच होतं ना?" लेकाने विचारलं. सासऱ्यांनी तो तुकडा वाळूतून उचलला की खडकावरून तोडला, हे सांगायला आता कोणी नाही. अशा गोलसर प्रवाळांतली बरीचशी वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आमचा दगड साधारण लेकाच्या वयाचा असताना समुद्रातून निघाला असणार.

सकाळी लवकर आई आणि तो दोघंच रॉक गार्डनला गेले. मोज्यातलं प्रवाळ त्याने एका डबक्यात ठेवलं. परत येताना आई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला ह्यांचंही घेऊन येऊ."

मी काही बोलले नाही. बँक स्ट्रीटवरून जाताना सराफांच्या काचेत लाल मूंगा दिसतो, मंगळासाठी बोटात घालायचा. तो बहुतेक दूरच्या भूमध्य समुद्रातून येतो. पूर्वी मी किंमत विचारत असे. आता नुसती बघते आणि पुढे जाते. पण आमच्या शोकेसमधला दगड वेगळा आहे. सासऱ्यांचा गावाशी जोडलेला तो एवढाच तुकडा, आणि तो आईंच्या नजरेसमोर पन्नास वर्षं आहे.

पुढच्या जानेवारीची तिकिटं काढली आहेत. आईंनी परवा तो दगड बाहेर काढला, हातात धरला, पुसला आणि परत आत ठेवला. मी विचारलं, "न्यायचं ना?" त्या म्हणाल्या, "अजून वेळ आहे."