बटाट्याचें नांव

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत स्पॅनिश भाषेचा थोडासा अभ्यास करण्याचा योग आला. व्याकरणापेक्षां मला अधिक अडखळविलें तें स्वयंपाकघरानें. कोशांत बटाट्यास ‘पताता’ हा शब्द मिळाला. तो पाठ केला. पुढें दक्षिण अमेरिकेसंबंधीं एक धडा वाचूं लागलों, तों तेथें सर्वत्र ‘पापा’! त्याच भाषेंत पोपमहाशयांसहि ‘पापा’च म्हणतात; भेद काय तो लिंगाचा. क्षणभर मी गोंधळलोंच.

शोध करितां असें समजलें कीं, बटाट्याचें मूळ घर अँडीज पर्वत. तेथील क्वेचुआ भाषेंतला शब्द ‘पापा’, आणि तोच लॅटिन अमेरिकेंत आजहि चालतो. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक रताळ्यास ‘बताता’ म्हणत. स्पेनमध्यें या दोहोंचा संकर होऊन ‘पताता’ जन्मला. १७१३ सालीं स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीच्या कोशांत हीच व्युत्पत्ति दिली आहे. म्हणजे माद्रिदचा नागर शब्दच घोटाळ्यांतून निपजलेला! पोर्तुगीजांनीं तर रताळ्याचें नांवच बटाट्यास लाविलें, व त्यांच्याकडून तें आपल्या किनाऱ्यास लागलें.

घेवड्याच्या दाण्यांस मेक्सिकोंत ‘फ्रिहोलेस’, चिलींत ‘पोरोतोस’, व्हेनेझुएलांत ‘काराओतास’, तर स्पेनमध्यें ‘हुदियास’ म्हणतात. ‘तोर्तिया’ची गंमत याच्या उलट, शब्द एक, पदार्थ दोन. मेक्सिकोंत ती चुन्याच्या पाण्यांत शिजविलेला मका वाटून केलेली पातळ भाकरी. स्पेनमध्यें तोच शब्द उच्चारिला तर अंडीं व बटाटे यांची जाड पोळी पुढें येते. भुकेल्या प्रवाशाची काय फजिती होत असेल!

हें वाचतांना एक जुनी गोष्ट मनांत सलूं लागली. माझ्या शिक्षकीच्या पहिल्याच वर्षीं नागपूरकडून आलेल्या एका मुलानें निबंधांत ‘आलूची भाजी’ असें लिहिलें होतें. मीं तांबड्या शाईनें तो शब्द खोडून वर ‘बटाटा’ लिहिलें, आणि वर्गांत वाचूनहि दाखविलें. मुलें हंसलीं. त्यानंतर तो मुलगा वर्षभर निबंधांत मोजकेंच लिहीत असे. ‘आलु’ शब्द संस्कृतांतहि कंदवाचक आहे, इतकेंहि मला तेव्हां सुचलें नाहीं. त्याच्या आईच्या तोंडचा शब्द मीं खोडला, आणि त्या जागीं बसविला तो पोर्तुगीजांकडून उसना आलेला, मुळांत रताळ्याचा!

तो मुलगा आतां कोठें आहे, ठाऊक नाहीं. यंदां आठवीच्या वह्या तपासतांना विदर्भांतून आलेल्या एका मुलीनें पेरूस ‘जाम’ म्हटलेलें आढळलें. हात तांबड्या लेखणीकडे गेला, व थांबला. समासांत इतकेंच लिहिलें, “तुमच्याकडे आणखी कशाकशाला निराळीं नांवें आहेत?” दुसऱ्या दिवशीं तिनें दीड पान भरून आणिलें. त्यांतील चार शब्द मला आईला विचारावे लागले.