मुरण्याचा मोसम

फ्रान्समध्ये शाँतियीच्या कोंदे संग्रहालयात बेरीच्या ड्यूकसाठी करायला घेतलेलं पंधराव्या शतकातलं एक प्रार्थनापुस्तक आहे. त्यात बारा महिन्यांची बारा चित्रं आहेत. नोव्हेंबरच्या पानावर ओकचं रान दिसतं. डुकरं राखणारा एक माणूस हातातलं दांडकं मागे नेऊन झाडावर भिरकावायच्या बेतात आहे आणि खाली त्याचा कळप झडलेल्या ओकफळांवर तुटून पडला आहे. मूळ पुस्तक मी पाहिलेलं नाही, छापील चित्र मात्र कितीदा तरी न्याहाळलं आहे. राजघराण्यातल्या माणसाच्या प्रार्थनेच्या पुस्तकातला अख्खा महिना डुकरांना दिलेला पाहून आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, त्या काळच्या युरोपात या चित्राइतकी निकडीची गोष्ट दुसरी नसेल. थंडी येणार, चारा संपणार. रानात फुकट मिळणाऱ्या फळांवर डुक्कर लठ्ठ करायचं, गारठा पडला की मारायचं, आणि त्याच्या मांसावर वसंतापर्यंत तगायचं.

गारठा पडला की, हे महत्त्वाचं. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि कुजवणाऱ्या जंतूंना जगणं अवघड करतं, पण मिठाची चाल फार सावकाश असते. डुकराच्या जाड मांडीत ते हाडापर्यंत पोचायला आठवडे लागतात. तोपर्यंत आतल्या मांसाची राखण थंडीनंच करायची. उन्हाळ्यात मारलेलं डुक्कर कितीही मिठात पुरा, ते हाडाजवळून नासायला लागतं. धूर, मिरी, लसूण, साखर हे सगळं नंतरचं. आधी मीठ आणि थंडी. मला या खारवलेल्या मांसाची एवढी ओढ वाटते ती यामुळेच. देश बदलला की त्याची चव बदलते, आणि त्या बदलामागे स्वयंपाक्याच्या हाताइतकाच तिथल्या हिवाळ्याचा, वाऱ्याचा, सरपणाचा हात असतो.

इटलीतल्या पार्माजवळ लांगिरानो नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या खारवणघरांच्या उंच, अरुंद खिडक्या वाऱ्याच्या दिशेनं काढलेल्या असतात. समुद्रावरून निघालेला वारा अपेनाइन्सचे डोंगर ओलांडताना कोरडा होतो आणि या खोऱ्यात उतरतो, असं तिथली माणसं सांगतात. पार्माच्या मांडीला मिठाखेरीज काहीही लावायचं नाही असा नियम आहे. कातडीला ओलसर मीठ, उघड्या मांसाला कोरडं. काही आठवडे गारव्यात ठेवून ती धुतात, टांगतात, आणि उघडा भाग फार कडक होऊ नये म्हणून त्याला चरबी आणि पिठाचा लेप देतात. एकूण किमान 14 महिने. शेवटी पारखी माणूस घोड्याच्या हाडाची बारीक सुई मांसात खुपसतो, बाहेर काढतो आणि हुंगतो. हे हाड सच्छिद्र असतं. ते वास चटकन धरतं आणि चटकन सोडतंही, म्हणून पुढच्या जागी तीच सुई पुन्हा चालते. या परीक्षेत उतरलेल्या मांडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग देतात. एवढ्या मोठ्या व्यवसायाचा शेवटचा निवाडा एका माणसाच्या नाकावर सोपवलेला आहे, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं.

त्याच देशाच्या उत्तर टोकाला, आल्प्समध्ये, जर्मन बोलणाऱ्या दक्षिण टिरोलात गेलं की मांसाला धुराचा आणि ज्युनिपरचा वास येऊ लागतो. दक्षिणेकडचा मोकळा वारा आणि उत्तरेकडचा धूर तिथल्या 'श्पेक'मध्ये एकत्र येतात. आणखी उत्तरेला, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टात, धूरच वरचढ होतो. तिथलं हॅम फर आणि स्प्रूसच्या धुरात बाहेरून काळपट होईपर्यंत ठेवतात. हवा दमट असली, ऊन बेताचं असलं, की वाळवायचं काम चुलीकडे जातं.

स्पेनची गोष्ट मात्र थंडीशी संपत नाही. नैर्ऋत्येकडे देहेसा नावाची राखलेली रानं आहेत. अंतराअंतरावर ओक, बुचाचे ओक, मधे गवत. ऑक्टोबरच्या सुमाराला ओकफळं पिकून गळू लागली की काळ्या इबेरियन डुकरांना तिथे मोकळं सोडतात. हिवाळा सरेपर्यंत ती चरतात, भटकतात, डोंगरउतार चढतात. त्या फळांमुळे त्यांच्या चरबीत ओलेइक आम्लाचं प्रमाण वाढतं. ऑलिव्हच्या तेलातही मुख्यतः तेच असतं. म्हणून तिथल्या हाबुगो गावच्या हॅमची पातळ चकती बोटांच्या उबेनंही वितळू लागते. हिवाळ्यात मिठात राहिलेली ही मांडी पुढचा उन्हाळा टांगून काढते, आणि अंदालुसियाच्या उन्हाळ्यात तिला अक्षरशः घाम फुटतो. चरबी पाझरून मांसाच्या धाग्याधाग्यात मुरते. हा घाम आला नाही तर तो सुगंधही येत नाही. उन्हाळा इथे शत्रू राहिलेला नाही. चांगल्या मांडीला असे दोन-तीन उन्हाळे मिळतात.

हंगेरीत पाठीच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा काठीला टोचून शेकोटीवर धरतात आणि गळणारे थेंब पावाच्या फोडीवर झेलतात. वर कांदा. युक्रेनमध्ये तीच पाठीची चरबी मिठात मुरवून, कच्चीच, राईच्या काळ्या पावावर लसणाबरोबर खातात. इटलीतल्या कोलोन्नातात ती करारा गावच्या संगमरवराच्या कुंडांत रोझमेरी आणि लसणाच्या थरांत महिनोन्‌महिने निजते. खाणीत दिवसभर दगड फोडणाऱ्या मजुरांची ती शिदोरी होती. 'चरबी' म्हटलं की आपण नाक मुरडतो. ज्यांना दिवसभर घण चालवायचा असे, त्यांना तिची किंमत पक्की माहीत होती.

मी काही वर्षं इंग्लंडमध्ये राहिले. तिथल्या न्याहारीच्या ताटातला बेकन रुंद, मऊ, गुलाबी असतो. तो पाठीच्या मांसाचा, शेपटीसारखा थोडासा पोटाचा पट्टा जोडलेला. अमेरिकेत बेकन म्हणून समोर येतात त्या पोटाच्या मांसाच्या अरुंद पट्ट्या, हिकरीच्या धुरातल्या, तव्यावर कुरकुरीत केलेल्या, हात लावताच तुटणाऱ्या. हा फरक नुसता आवडीनिवडीचा असेल असं मी धरून चालले होते. त्यामागे बर्फ आहे, दुष्काळ आहे आणि जहाजांचे मार्ग आहेत, हे वाचत गेले तसं उलगडलं.

विल्टशरमधल्या कॅल्न गावात हॅरिस कुटुंबाचा खारवणीचा धंदा होता. आयर्लंडहून जहाजानं ब्रिस्टलला उतरलेली डुकरं लंडनच्या बाजाराकडे हाकत नेताना या वाटेनं जात. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, माणसं उपाशी मेली, घरोघरची डुकरंही सरली. माल आटला तेव्हा त्या घरातला जॉर्ज हॅरिस अमेरिकेला गेला, आणि येताना बर्फ वापरून मांस गार ठेवायची कल्पना घेऊन आला. छतावर बर्फ भरलेलं खारवणघर कॅल्नमध्ये उभं राहिलं आणि पहिल्यांदाच भर उन्हाळ्यात बेकन मुरवता येऊ लागला. थंडी हाताशी असल्यावर मीठही कमी पुरलं. डुकराच्या अख्ख्या फाळ्या मिठाच्या पाण्यात बुडवून काढलेला हा सौम्य, ओलसर बेकन इंग्लंडनं असा आपलासा केला की पुढे परदेशातली डुकरंही त्याच्या मापानं घडू लागली. 1887 मध्ये जर्मनीनं जिवंत डुकरांची आयात बंद केली. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांवर आकाश कोसळलं. त्याच वर्षी त्यांनी होर्सेन्समध्ये पहिला सहकारी कत्तलखाना काढला आणि नजर इंग्रजांच्या न्याहारीवर ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी लांब पाठीचं, कमी चरबीचं लँड्रेस डुक्कर वाढवलं, कारण इंग्रजाला हवा होता पाठीचा काप. एका देशाच्या सकाळच्या ताटासाठी दुसऱ्या देशाच्या जनावराची पाठ लांबली! महाराष्ट्रात सहकाराची एवढी परंपरा असलेल्या आपल्याला ही हकीकत जवळची वाटायला हरकत नाही. 8 जानेवारी 1940 ला ब्रिटनमध्ये बेकनचं रेशनिंग सुरू झालं, माणशी आठवड्याला चार औंस. एप्रिलमध्ये जर्मनीनं डेन्मार्क घेतला आणि तिकडून येणारा माल थांबला. रेशन पुरतं उठायला 1954 उजाडलं.

कॅनडाही या रांगेत होता. टोरांटोच्या विल्यम डेव्हिसनं ब्रिटनला इतका बेकन धाडला की त्या शहराला 'हॉगटाउन' नाव पडलं. तिथे पाठीचं मांस मिठाच्या पाण्यात मुरवून वाळलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या पिठात घोळवायची रीत निघाली, टिकावं म्हणून. आज वाटाण्याऐवजी मक्याचं पीठ असतं. ते कडेला तांबूस होऊन किंचित कुरकुरतं, आणि धुराचा स्पर्शही नसल्यानं मांसाची मूळ गोडी कळते. मला स्वतःला सगळ्या बेकनांत हा अधिक आवडतो.

या मांसाचा गुलाबी रंग सुरोखारातून येतो. मिठात सुरोखार असला की त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते मांसातल्या रंगद्रव्याशी जोडलं जातं आणि शिजवल्यावरही मांस राखाडी पडत नाही. एक घातक जंतूही त्यानं रोखला जातो. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपला जाणाऱ्या सुरोखाराचा मोठा वाटा बिहारमधून निघे. तो बंदुकीच्या दारूसाठी नेत, पण त्यातली चिमूटभर कुठल्यातरी खारवणीच्या पिंपातही पडली असणार. पार्मानं नायट्रेटचा वापर सोडला आहे. तिथला लाल रंग महिन्यांच्या मुरण्यातून येतो, रंगद्रव्यातल्या लोहाची जागा हळूहळू जस्त घेतं. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोजच्या दर 50 ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हापासून माझ्या घरात बेकन क्वचितच येतो. जे हिवाळाभर पुरवून पुरवून खायचं होतं ते रोज सकाळी पोटभर खायचं झालं, हे मला कधीच पटलेलं नाही.

चीनमध्येही हा सगळा खेळ थंडीचाच. चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्यात हुनान-सिचुआनमध्ये पोटाचं मांस मीठ आणि सिचुआनी मिरी चोळून मुरवतात, सायप्रसच्या फांद्यांच्या धुरात टांगतात, आणि नव्या वर्षाच्या जेवणात ते येतं.

आता गोवा. गोव्यात हिवाळाच नाही. 1510 मध्ये पोर्तुगीज आले ते लसूण, वाईन, पाप्रिका आणि धुराचा 'शोरिसू' ज्या मातीत होतो तिथून. इथे मांडी टांगायला डोंगरवारा नव्हता, आणि मिठाला आठवडे मिळतील असा गारठा नव्हता. मांसाचा मोठा तुकडा या हवेत खारवणं शक्यच नव्हतं. मग ते बारीक चिरलं, म्हणजे मिठाला लांब चालावं लागू नये. मीठ लावून दाबाखाली ठेवलं, पाणी निथळू दिलं. थंडीचं काम आंबटाकडे आलं, माडाच्या ताडीपासून केलेल्या व्हिनेगरकडे. त्यात लाल मिरची, लसूण, मिरी, कुणाच्या घरी थोडी फेणी. मुरलेलं मांस आतड्यात भरून, गाठी मारून माळा केल्या. त्या उन्हात, नाहीतर चुलीवरच्या धुरात टांगल्या. झाली 'चोरिस'. पोर्तुगालचा शोरिसू तिला लांबूनच ओळखेल. तिचा लालभडक आंबट-तिखटपणा या हवेनं घडवलेला आहे.

आणि वेळ? मे महिना. मिठागरांतलं मीठ तेव्हा भरपूर झालेलं असतं, मिरच्या वाळलेल्या असतात, ऊन कडक असतं, आणि पाऊस उंबऱ्यापाशी येऊन ठेपलेला असतो. समुद्र खवळला की मासळी बंद. आता तर जून-जुलैचे 61 दिवस कायद्यानंच यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठी जी बेगमी करायची तिला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. सुकी मासळी, सोलं, लोणची, कांद्यांच्या माळा आणि चोरिसीच्या माळा. बेरीच्या ड्यूकच्या पुस्तकातला नोव्हेंबर इथे मेमध्ये येतो. युरोपनं थंडीत थंडीसाठी साठवलं, गोव्यानं उन्हात पावसासाठी.

हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याच मेमध्ये कोकणात बोंबील वाळतात, घाटावर गच्चीगच्चीवर कुरडया. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, जिथे मराठी बोलतच पिढ्या वाढल्या, याच दिवसांत वर्षाचा बॉटल मसाला कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासला जातो. त्यांचं डुकराच्या मांसाचं इंदियालही व्हिनेगरच्या भरवशावर मुरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं.

फ्रिज आल्यापासून या सगळ्याची गरज संपली. आजच्या बहुतेक पाकीटबंद बेकनमध्ये मिठाचं पाणी सुयांनी टोचून घालतात. मुरायला आठवडे द्यावे लागत नाहीत, आणि तव्यावर टाकला की तेच पाणी पांढरा फेस होऊन बाहेर येतं. असा बेकन बारा महिने सारखा लागतो. पाकिटावर संपण्याची तारीख असते. मांस मिठात कधी पडलं, कुठल्या हवेत राहिलं, हे कुठेच नसतं. मला नेमकं तेच हवं असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात निदान विचारता तरी येतं. माळ हातात घेऊन विकणारीला विचारलं की ती ऊन किती दिवस मिळालं ते सांगते, आणि ढगाळ आठवड्यातली माळ असेल तर ही लवकर संपवा असंही सांगते.

गोव्यातल्या साष्टीत ओळखीच्या एका घरी अजून घरच्यापुरत्या चोरिसी होतात. यंदा करताना मी येऊन बसू का, असं तिथल्या आजींना विचारलं. त्या हो म्हणाल्या, पण तारीख देईनात. मेच्या मध्यावर सलग चार दिवस निरभ्र जातील असं वाटलं की फोन करतील, मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे असायला हवं. चिरायला माणसं कमी पडतात, येताना स्वतःची धारदार सुरी आण, हेही त्यांनी बजावलं आहे.